तोडा, पुडके, बंडल : चलनाच्या समूहवाचक शब्दांचे इंग्रजी भाषांतर

कागदी चलनाच्या बांधलेल्या समूहास जपानी भाषेत ‘सात्सुताबा’ असा शब्द आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर करताना ‘वॉड’, ‘रोल’ किंवा ‘बंडल’ यांपैकी एखादा शब्द योजला जातो. कोशात हे तिन्ही पर्याय शेजारी शेजारी मांडता येतात. वाक्यात मात्र त्यांतील एकच निवडावा लागतो. निवड होताच मूळ शब्दातील काही तरी गळते आणि मुळात नसलेले काही तरी त्याच्या जागी येऊन बसते. मराठीतील ‘पुडके’ या शब्दाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. ‘नाण्यांची चळत’ आणि ‘नोटांचे पुडके’ ही जोडी शालेय व्याकरणातील समूहदर्शक शब्दांच्या यादीत नित्य आढळते. परंतु तीच जोडी इंग्रजीत नेऊ लागल्यास ‘चळत’ सहज जाते, ‘पुडके’ मात्र अडते.

ही अडचण वरवर पाहता कोशाची वाटते. वस्तुतः ती इतिहासाची आहे. चलनाच्या समूहाचे नाव घेणाऱ्या कोणत्याही शब्दात तीन घटक संभवतात : त्या समूहाचा आकार, त्याचे बंधन आणि त्यातील मोजणी. पहिले दोन घटक डोळ्यांना दिसतात व म्हणून त्यांना परभाषेत प्रतिशब्द मिळू शकतो. तिसरा घटक दिसत नाही. थैलीत किती रुपये आहेत, पुडक्यात किती नोटा आहेत, हे ती न सोडता मानावयाचे असेल तर कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास ज्या संस्थेवर बसलेला असतो ती संस्था बदलली की शब्द तोच राहूनही त्याचा अर्थ बदलतो. भाषांतर फसते ते बहुधा याच ठिकाणी. या विधानाची पडताळणी करण्यासाठी एखादे व्यापारी गाव दीर्घ कालखंडावर पाहणे उपयुक्त ठरते. खानदेशातील धरणगाव हे असे गाव आहे. सतराव्या शतकात तेथे इंग्रजांची वखार होती; तेथे कागद होत असे, कापड होत असे, कापसाचा व्यापार चाले. चलनाचे आणि मालाचे देशी शब्द इंग्रजीत कसे न्यावेत हा प्रश्न अशा गावांतच प्रथम व्यवहाराचा प्रश्न म्हणून उभा राहिला. तथापि तत्पूर्वी जपानी शब्दाची घडण पाहणे इष्ट होय.

१. ‘सात्सुताबा’ची घडण

‘सात्सु’ आणि ‘ताबा’ अशी दोन पदे मिळून हा सामासिक शब्द झाला आहे. ‘सात्सु’ हे चिनी लिपिचिन्हाबरोबर जपानीत आलेले पद असून त्या चिन्हाचा मूळ अर्थ लेखनासाठी वापरावयाची लाकडाची पातळ पट्टी असा आहे. त्याच चिन्हाचे ‘फुदा’ हे देशी वाचन आजही फलक, ताईत, खेळण्याचे पान अशा अर्थांनी चालते. कागदी चलनास हे नाव मिळाले यात आश्चर्य नाही. इसे प्रांतातील यामादा येथे इ. स. १६०० च्या सुमारास प्रचारात आलेले ‘यामादा हागाकि’ हे जपानातील सर्वांत जुने कागदी चलन मानले जाते. पुढे निरनिराळ्या सरदारांनी आपापल्या जहागिरीपुरते ‘हान्सात्सु’ नावाचे चलन काढले. फुकुइ जहागिरीचे १६६१ मधील चलन हे त्याचे आरंभीचे उदाहरण होय. या नोटा उभ्या व अरुंद असत. पट्टीचे वा चिठ्ठीचे नाव त्यांना शोभून दिसत होते.

दुसरे पद ‘ताबा’. त्याचा अर्थ जुडी, पेंढी, एकत्र बांधलेला समूह. फुलांना हेच पद जोडून ‘हानाताबा’ म्हणजे पुष्पगुच्छ होतो. जपानी भाषकाला फुलांचा गुच्छ आणि नोटांचे पुडके यांतील हे नाते शब्द उच्चारताच जाणवू शकते. इंग्रजीत पुष्पगुच्छाला ‘बुके’ आणि नोटांना ‘वॉड’ म्हणताच ते नाते समूळ नाहीसे होते. मराठीतही ते टिकत नाही, परंतु त्याचे कारण वेगळे आहे. मराठी भाषा वस्तूगणिक समूहवाचक शब्द बदलते : मेथीची जुडी, कडब्याची पेंढी, उसाची मोळी, किल्ल्यांचा जुडगा, पुस्तकांचा गठ्ठा, नोटांचे पुडके. जपानी शब्द बंधनावर भर देतो. मराठी शब्द काय बांधले आहे त्यावर भर देतो.

‘ताबा’ ज्या चिन्हाने लिहितात त्याला मोजणीचाही इतिहास आहे. आठव्या शतकातील जपानी करव्यवस्थेत हेच चिन्ह ‘सोकु’ या वाचनाने भाताच्या पेंढ्यांचे माप होते. दहा लहान जुड्यांचा एक सोकु धरला जाई आणि जमिनीचा धान्यरूप कर या मापात आकारला जाई. म्हणजे ज्या शब्दाने केवळ ‘बांधलेले’ एवढेच सांगावयाचे, त्यानेच राज्याच्या हिशेबात ‘अमुक इतके’ असेही सांगितले. आजच्या जपानी बँकव्यवहारात शंभर नोटांच्या समूहास लहान ताबा आणि अशा दहांच्या समूहास मोठा ताबा म्हणतात. शंभर नोटांभोवतीच्या कागदी पट्टीला जे नाव आहे त्यात किमोनोवर बांधावयाच्या ‘ओबि’ या पट्ट्याचेच पद आहे. दहा हजार येनची नोट १९५८ मध्ये निघाली. तेव्हापासून तिचा लहान ताबा दहा लाख येनचा व मोठा एक कोटी येनचा होतो. नुसत्या ‘सात्सुताबा’ या शब्दाने यांतील कोणता ते कळत नाही.

इंग्रजी ‘वॉड’ या शब्दाकडे पाहिल्यास ही मोजणीची बाजू त्यात मुळीच नाही. कोंबून घट्ट केलेला मऊ बोळा, बंदुकीच्या नळीत दारूवर ठासावयाचा चोथा, हा त्याचा जुना अर्थ. नोटांना तो लागू झाला तेव्हा जाडी, मुठीत मावणारा ऐवज आणि त्यासोबत थोडी नापसंती एवढे त्याने आणले. जपानीत ‘सात्सुताबाने गालावर मारणे’ असा एक वाक्प्रचार असून त्याचा अर्थ पैशाच्या जोरावर दुसऱ्याला नमविणे असा होतो. तेथे ‘वॉड’ शोभतो, कारण तेथे आकार आणि उर्मटपणा यांनाच महत्त्व आहे. परंतु साक्षीत, हिशेबात किंवा रोजकीर्दीत आलेल्या ‘सात्सुताबा’ला ‘वॉड’ म्हणणे म्हणजे मोजलेल्या वस्तूला न मोजलेली ठरविणे होय.

समूहाचे नाव आणि समूहातील संख्या यांच्यातील अंतर जपानच्या नाणेव्यवहारातही दिसते. तेथील भोके असलेली तांब्याची नाणी दोरीत ओवून चालविली जात. एदो काळात अशा दोरीत शहाण्णव नाणी असली तरी ती शंभर म्हणून स्वीकारण्याची रूढी होती. दोरी अखंड असेपर्यंत शहाण्णवचे शंभर होत. दोरी सोडताच ती शहाण्णवच राहत. शब्दाचे भाषांतर ‘शंभराची माळ’ असे करणारा व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर आणि संख्येच्या दृष्टीने चूक ठरेल. समूहाचे मूल्य बंधनात असते, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

२. धरणगाव : कागद व कापूस यांची मापे

हाच प्रश्न मराठी प्रदेशात कसा सुटला, किंवा सुटला नाही, हे पाहण्यासाठी आता धरणगावाकडे वळता येईल. हे गाव पूर्वी एरंडोल तालुक्यात होते व आज ते जळगाव जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण आहे. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडे यांवरून खानदेशातूनच जात असे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वृत्तान्तानुसार १६७४ मध्ये इंग्रजांनी धरणगावी वखार घातली. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली आणि १६७९ मध्ये चोपड्याबरोबर धरणगावही पुन्हा लुटले गेले. दोनदा लुटण्याजोगे गाव म्हणजे संपत्ती साठविणारे व हलविणारे गाव, एवढा निष्कर्ष त्यावरून काढावयास हरकत नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला आणि १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. खानदेशच्या बाजारपेठांत अहिराणी, मराठी, गुजराती, मारवाडी आणि हिंदुस्थानी या भाषा एकत्र नांदत आल्या आहेत. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने १९०७ मध्ये खानदेशी बोलीला भिल्ली भाषांसमवेत एका खंडात स्थान दिले होते. चलनाचे शब्द अशा ठिकाणी एका भाषेचे राहत नाहीत.

धरणगावच्या कागदाला व कापडाला पूर्वी मोठी प्रतिष्ठा होती, असे गॅझेटियर नमूद करते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कागदाचा धंदा मोडकळीस आला. हातकागदाची मोजणी दस्ता व रीम या परिमाणांत होत असे. ‘दस्ता’ हा फारसी शब्द ‘दस्त’ म्हणजे हात यापासून आला आहे. हातात मावेल तेवढा कागद हा त्याचा मूळ आशय. व्यवहारात तो चोवीस तावांचा ठरला आणि असे वीस दस्ते मिळून चारशे ऐंशी तावांचे रीम झाले. ‘रीम’ या शब्दाचा प्रवास तर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फारच बोलका आहे. अरबी ‘रिझ्मा’ म्हणजे गठ्ठा. तो स्पॅनिश व फ्रेंच या भाषांतून इंग्रजीत गेला आणि इंग्रजीत केवळ कागदाचे माप उरला. इंग्रजी वाचकाला ‘रीम’ म्हणताच आज गठ्ठा आठवत नाही, संख्या आठवते. बांधण्याचे नाव कालांतराने मोजण्याचे नाव होते, हा सर्वसाधारण क्रम येथे संपूर्ण झालेला दिसतो. तथापि ही संख्याही अचल नाही : चारशे ऐंशीचे रीम पुढे पाचशे तावांचे झाले आणि शब्द मात्र तोच राहिला.

कापसाच्या व्यापारात भाषांतराची आणखी एक तऱ्हा दिसते. धरणगावी १८५५ मध्ये सरकारने सरकी काढण्याची करवती यंत्रे बसविली होती आणि ताप्ती खोऱ्यातील रेल्वे झाल्यावर गावाला स्थानकही मिळाले. या व्यापारात ‘गाठ’ आणि ‘खंडी’ असे दोन शब्द मुख्य होते. पहिल्याला इंग्रजांनी ‘बेल’ हा आपला शब्द दिला. दुसऱ्याला प्रतिशब्द न शोधता ‘कँडी’ या रूपाने तो तसाच उचलला. मुंबईची कापसाची खंडी सातशे चौऱ्याऐंशी पौंडांची आणि गाठ तिच्या निम्मी, म्हणजे तीनशे ब्याण्णव पौंडांची धरली जाई. आज गाठ एकशे सत्तर किलोग्रॅमची झाली असली तरी रुईचा भाव अद्यापि सुमारे तीनशे छप्पन्न किलोग्रॅमच्या खंडीवरच बोलला जातो. जो शब्द भाषांतरित झाला त्याची मोजणी बदलली आणि जो तसाच उचलला गेला त्याची मोजणी टिकली, हा योगायोग असू शकेल. तथापि एवढे खरे की ‘बेल’ म्हणताच इंग्रज वाचकापुढे अमेरिकेची किंवा मिसरची गाठ उभी राहू शकते. ‘कँडी’ म्हणताच मुंबईच्या बाजाराशिवाय दुसरे काही उभे राहत नाही.

३. तोडा आणि हुंडी

कागदी चलन येण्यापूर्वी मोठी रक्कम हलविण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग तोडा. हजार रुपयांच्या थैलीला मराठीत व हिंदीत ‘तोडा’ म्हणत. कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकशे ऐंशी ग्रेन वजनाचा, म्हणजे एक तोळ्याचा रुपया सर्वत्र एकसारखा केला. त्यानंतरच्या तोड्याचे वजन हजार तोळे, म्हणजे साडेबारा शेर, आजच्या मापाने सुमारे पावणेबारा किलोग्रॅम भरे. तत्पूर्वी हिशेब इतका सरळ नव्हता. निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. झिजेप्रमाणे व टाकसाळीप्रमाणे त्यांवर बट्टा लागे. म्हणून तोडा हजाराचा असे, परंतु कोणत्या रुपयांचा हजार हे वेगळे सांगावे लागे. सराफाने नाणी पारखून, मोजून थैलीच्या तोंडावर आपली मोहर लावली की ती थैली न सोडता हातोहात जाऊ शकत असे. तोड्याचे मूल्य चांदीत होते, पण तोड्याचा अर्थ सराफाच्या मोहरेत होता. जपानी दोरीतील शहाण्णव नाणी आणि सराफाच्या मोहरेखालचा हजार, ही एकाच तत्त्वाची दोन रूपे होत.

इंग्रजीत ‘तोडा’ नेताना ‘बॅग’ किंवा ‘पर्स’ हे शब्द हाताशी होते. दोन्ही शब्द आकार सांगतात. हजाराची संख्या त्यांना वेगळी जोडावी लागते आणि मोहर तर जोडताही येत नाही. पुढे ‘पर्स’चा एक अर्थ उलट दिशेने मराठीत आला. सार्वजनिक कार्यकर्त्याला गौरवाची रक्कम अर्पण करण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा तिला ‘थैली अर्पण करणे’ असे म्हटले जाऊ लागले. लोकमान्य टिळकांना त्यांच्या साठाव्या वाढदिवशी, जुलै १९१६ मध्ये, एक लाख रुपयांची अशी थैली अर्पण झाली. एक लाख रुपये तोड्यांत मोजले तर शंभर तोडे, म्हणजे अकराशे किलोग्रॅमांहून अधिक चांदी होते. हातात घेता येईल अशा थैलीत ती मावणे शक्य नव्हते. येथे ‘थैली’ हा शब्द वस्तूपासून सुटून केवळ रकमेचे नाव झालेला आहे.

दुसरा मार्ग हुंडीचा. हुंडी हा एकच कागद. त्याला बांधण्याची गरज नाही, कारण संख्या त्यावर लिहिलेली असते आणि मोहरेची जागा पेढीच्या पतीने घेतलेली असते. इंग्रज व्यापाऱ्यांनी ‘हुंडी’ला ‘बिल ऑफ एक्स्चेंज’ हा आपल्या कायद्यातील शब्द दिला. भाषांतर सोयीचे होते. पण दर्शनी, मुदती, शाहजोग असे हुंडीचे जे प्रकार होते आणि त्यांच्याशी निगडित जे रिवाज होते, ते सर्व इंग्रजी संज्ञेत बसत नव्हते. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने याबाबत जो मार्ग स्वीकारला तो लक्षणीय आहे. पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या संलेखांसंबंधीच्या स्थानिक रूढीला या अधिनियमाने बाध येत नाही, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. मात्र रूढीऐवजी अधिनियम लागू करावयाचा हेतू संलेखात शब्दांनी व्यक्त करण्याची मुभाही तेथे आहे. भाषांतराच्या परिभाषेत सांगावयाचे तर विधिमंडळाने येथे भाषांतराचे मूळाशी असलेले तादात्म्य नाकारले. ‘हुंडी’चा अर्थ इंग्रजी शब्दाने ठरणार नाही, बाजाराने ठरेल, एवढे त्याने मान्य केले. देशी अर्थव्यवहारातील इतर समूहवाचक शब्दांच्या वाट्याला असे संरक्षण आले नाही.

४. कागदी चलन आणि ‘पुडके’

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. हिंदुस्थान सरकारने खासगी बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार काढून घेणारा कायदा १८६१ मध्ये केला. या दोन तारखांमधील चार वर्षांचे अंतर ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मुंबई बँकेच्या नोटा त्यापूर्वी होत्या; पण त्यांचा वावर मुख्यतः मोठ्या शहरांपुरता होता. चांदीच्या जगातील शब्दांना तो कोश उत्तम साक्षीदार आहे. नोटांच्या समूहाच्या नावाला तो साक्षीदार होऊ शकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा कोश पुढे ठेवून ‘पुडके’चे इंग्रजी भाषांतर करणारा त्यामुळेच चकतो. त्याला शब्द मिळतो, पण त्या शब्दाचा हा प्रयोग मिळत नाही.

१८६१ हेच वर्ष अमेरिकेतील यादवी युद्धाच्या आरंभाचे. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा होताच खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्यामुळे ज्या वर्षी कागदी चलनाचा कायदा झाला त्याच वर्षापासून कापसाच्या बाजारांकडे चांदीचा ओघ सुरू झाला. शेतकऱ्याच्या घरात नोट शिरण्यास काही अडचणीही होत्या. आरंभी सर्वांत लहान सरकारी नोट दहा रुपयांची होती. पाच रुपयांची नोट १८७१ मध्ये निघाली. शिवाय नोट ज्या मंडळातून निघाली त्या मंडळापुरतीच ती कायदेशीर चलन असे. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू झाली, दहा व पन्नास रुपयांच्या नोटा १९१० मध्ये आणि शंभराची १९११ मध्ये. जपानातील जहागिरीपुरत्या चलनाशी या स्थितीचे साम्य उघड आहे. टपालाने नोट पाठविताना ती मधोमध कापून दोन अर्धुके वेगवेगळ्या लखोट्यांत पाठविण्याची पद्धतही त्या काळी होती. जेथे एक नोट जपण्यासाठी तिचे दोन तुकडे करावे लागत, तेथे शंभर नोटा एकत्र बांधून हातोहात देण्याचा प्रसंग सामान्य माणसावर येणे कठीण होते.

ही स्थिती पहिल्या महायुद्धात पालटली. चांदी महागली, रुपयाचे नाणे पाडणे परवडेना, आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. या नोटा पंचवीस-पंचवीसच्या चोपडीच्या रूपातही दिल्या जात. कागदी रुपयांचा सामान्य हातांत आलेला हा पहिला समूह बांधलेला नव्हता, शिवलेल्या वहीसारखा होता, ही गोष्ट मननीय आहे. नाशिक रोड येथील छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेची स्थापना झाली. ‘नोटांचे पुडके’ ही शब्दसंहती सामान्य व्यवहारात रुळली ती या कालखंडात, असे अनुमान यावरून बांधता येते.

‘पुडके’ हा शब्द का निवडला गेला? ‘पुडी’, ‘पुडा’, ‘पुडके’ हे सर्व संस्कृत ‘पुट’पासून आलेले असून घडी, आच्छादन, पोकळी हा त्यांचा मूळ अर्थ आहे. जुडी बांधली तरी आतील काड्या दिसतात; मोळी बांधली तरी ऊस दिसतो; चळतीतील नाणी तर बाहेरूनच मोजता येतात. पुडके मात्र झाकलेले असते. किराणा दुकानातील पुडी जशी सोडल्याशिवाय आतला जिन्नस दिसत नाही, तसे नोटांचे पुडके विश्वासाने घ्यावयाचे असते. नोटांचा समूह वस्तुतः चारी बाजूंनी झाकलेला नसतो. तरीही मराठीने त्याला झाकलेल्या वस्तूचे नाव दिले. जपानीने बंधन पाहिले, इंग्रजी ‘वॉड’ने जाडी पाहिली, मराठीने आतील न मोजलेली मोजणी पाहिली, असे या तुलनेचे सार सांगता येईल.

५. ‘बंडल’ : एक शब्द, दोन संख्या

रिझर्व्ह बँकेच्या परिभाषेत शंभर नोटांचे ‘पॅकेट’ आणि दहा पॅकेटांचे, म्हणजे हजार नोटांचे ‘बंडल’ होते. अमेरिकेतील बँकांत शंभर नोटांना ‘स्ट्रॅप’ म्हणतात. पण हजार नोटांना तेथेही ‘बंडल’च म्हणतात. मराठी बोलण्यात व वृत्तपत्रांत मात्र ‘शंभराच्या नोटांचे बंडल’ म्हणजे बहुधा शंभर नोटा, दहा हजार रुपये. हिंदीतून आलेला ‘गड्डी’ हा शब्दही त्याच अर्थाने चालतो. इंग्रजीतून मराठीत येताना ‘बंडल’ या शब्दाने आकार व बंधन आणले. संख्या त्याने मराठी पुडक्याची घेतली. आता हाच शब्द मराठीतून परत इंग्रजीत नेला तर अक्षरे न बदलता किंमत दसपट होते. ज्या शब्दाला भाषांतराची गरजच नाही असे वाटते, तोच येथे सर्वांत धोकादायक ठरतो.

हा धोका केवळ तात्त्विक नाही. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. समजा, कापसाच्या बाजारातील एखाद्या साक्षीदाराने जबानीत सांगितले की, ‘पाचशेच्या नोटांचे एक बंडल दिले.’ बाजाराच्या अर्थाने ही रक्कम पन्नास हजार रुपये होते आणि या नियमाच्या आत बसते. बँकेच्या अर्थाने ती पाच लाख रुपये होते आणि ती घेणारा या नियमाचा भंग करणारा ठरतो. जबानीचे इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्यासमोर ‘बंडल’ एवढाच शब्द असेल तर दोन्ही अर्थ तितकेच शक्य आहेत. भाषांतरकाराने शब्द बदलला नाही म्हणून तो निर्दोष ठरत नाही. किंबहुना शब्द न बदलण्यातच त्याची चूक असू शकते. अशा ठिकाणी ‘शंभर नोटांचे पॅकेट’ असे संख्येसह भाषांतर करणे, अथवा संख्या निश्चित नसल्यास ती विचारून घेणे, हेच योग्य होय.

बंधनाचा इतिहासही येथे थोडक्यात पाहावा लागतो. अनेक वर्षे शंभर नोटांच्या पॅकेटाला तारेचे टाचण मारले जाई. टाचणामुळे नोट चोरून काढणे अवघड होई, पण टाचण काढताना नोटा फाटत. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २००१ च्या निदेशाने टाचण मारणे बंद करून कागदी पट्टी वापरावयास सांगितले. यामुळे जपानी ‘ओबि’ आणि आजची आपल्याकडील पट्टी या वस्तू म्हणून एकसारख्या झाल्या. तारेचे टाचण होते तोपर्यंत पॅकेट अखंड आहे याचा पुरावा वस्तूतच होता. पट्टी आल्यावर तो पट्टीवरील सहीशिक्क्याकडे अधिक सरकला. सराफाच्या मोहरेने जे काम थैलीच्या तोंडावर केले तेच आता कागदाच्या अरुंद पट्टीवर होते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या तत्कालीन नोटांचे चलन रद्द झाले, तेव्हा बंधन, आकार व संख्या हे तिन्ही घटक जागच्या जागी असूनही पुडक्याचे मूल्य संपुष्टात आले. पट्टीवरची सही खरी होती. त्या सहीमागील संस्थेने आपला शब्द मागे घेतला होता.

६. निष्कर्ष

धरणगावच्या अनुषंगाने पाहिलेल्या या शब्दांतून इंग्रजी भाषांतराच्या तीन पद्धती दिसून येतात. पहिलीत देशी शब्दाच्या जागी इंग्रजी शब्द आला : तोड्याला ‘बॅग’, गाठीला ‘बेल’, हुंडीला ‘बिल ऑफ एक्स्चेंज’. दुसरीत देशी शब्द तसाच राहिला : खंडीची ‘कँडी’ झाली आणि हुंडीचा अर्थ कायद्याने बाजारावर सोपविला. तिसरीत इंग्रजी शब्द मराठीत येऊन मराठी संख्या घेऊन बसला, जसे ‘बंडल’. पहिल्या पद्धतीत काय हरवले ते लवकर लक्षात येते, कारण दोन शब्द समोरासमोर असतात. तिसऱ्या पद्धतीत ते लक्षात येत नाही, कारण शब्द एकच दिसतो.

‘सात्सुताबा’च्या इंग्रजी भाषांतराचा प्रश्नही याच दृष्टीने सोडविता येतो. वाक्प्रचारात व ललित लेखनात जेथे आकार बोलतो तेथे ‘वॉड’ ग्राह्य आहे. जेथे बंधन महत्त्वाचे आहे तेथे ‘बंडल’ चालेल. मात्र हिशेबात तो हजाराचा अर्थ घेऊन येतो याचे भान हवे. आणि जेथे मोजणी महत्त्वाची आहे तेथे लहान ताबा की मोठा, हे ठरवून संख्या लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. मराठी ‘पुडके’ला हाच नियम लागू पडतो. ऐतिहासिक कागदपत्रांतील तोडे, थैल्या, पुडकी यांचे आकडे करून जे अभ्यासक खानदेशच्या व्यापाराचा हिशेब मांडू इच्छितात, त्यांनी शब्दाचा अर्थ कोशात पाहण्यापूर्वी त्या वर्षी त्या बाजारात थैली कोण बांधीत होता आणि तिच्यावर कोणाची मोहर होती, याचा शोध प्रथम घेतला पाहिजे. संख्या त्या मोहरेने ठरत होती आणि भाषांतरातही ती तिच्यासह गेली पाहिजे.